संदेशजाले, औद्योगिक : जुने व नवे प्रोटोकॉल

कारखान्यातील नियंत्रक, संवेदक, चलित्रे, मापके व संगणक यांना एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून तारांची, अलीकडे काही अंशी बिनतारी, जी जोडणी केलेली असते तिला औद्योगिक संदेशजाल म्हणतात. या जालावर संदेश कोणी, केव्हा व किती लांबीचा पाठवावा आणि तो बरोबर पोहोचला की नाही हे कसे ओळखावे, यासंबंधीच्या ठरीव नियमांना प्रोटोकॉल अशी संज्ञा आहे. जुने प्रोटोकॉल अधिक विश्वासार्ह की नवे, हा अभियंत्यांमधील वाद १९८० च्या सुमारास सुरू झाला आणि निरनिराळ्या रूपांत अद्याप चालू आहे. प्रस्तुत नोंदीत पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पट्ट्याची जडणघडण : या पट्ट्याची वाढ टप्प्याटप्प्याने झाली. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधनिर्मिती उद्योग स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी-चिंचवड परिसरात उद्योगांसाठी भूखंड पाडण्यात आले. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) पिंपरीचा कारखाना १९६६ पासूनचा असून बजाज ऑटोचा आकुर्डी येथील स्कूटर कारखानाही त्याच दशकातील आहे. चाकणची पिढी निराळी. तेथील फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. मर्सिडीज-बेंझ मोटारींची जुळणी १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात होत असे, तीही २००९ मध्ये चाकणला हलविण्यात आली. परिणामी वीसएक किमी. च्या टापूत अर्ध्या शतकाच्या अंतराची यंत्रसामग्री एकाच वेळी काम करताना आढळते. धातूचे पत्रे कापणारे वा घडविणारे दाबयंत्र (प्रेस) नीट राखले तर तीस-चाळीस वर्षे सहज चालते. संगणकाची पिढी मात्र सात-आठ वर्षांत कालबाह्य होते. संदेशजाल या दोहोंना जोडीत असल्यामुळे त्याचे आयुष्य कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न येथे रोजच्या व्यवहाराचा झाला आहे.

तारेतील संकेत : प्रोटोकॉलांच्या आधी कारखान्यात प्रत्येक संकेताला स्वतंत्र तार असे. रिले बसविलेली मोठी पॅनेले आणि त्यांतून निघणाऱ्या तारांच्या जुड्या हे त्या काळातील नियंत्रणाचे दृश्य स्वरूप होय. दाब, तापमान, पातळी यांसारख्या राशींसाठी ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत् प्रवाहाची पद्धत रूढ झाली व रसायन आणि औषध उद्योगांत ती आजही प्रचलित आहे. तिच्यातील एक युक्ती पुढील सर्व चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. राशीचे किमान मूल्य शून्य प्रवाहाने न दाखविता ४ मिलिअँपिअरने दाखविले जाते. त्यामुळे प्रवाह शून्यावर आला की वाचन शून्य नसून तार तुटली आहे, हे तत्काळ कळते. बिघाड आणि खरे वाचन यांत गल्लत होऊ न देणे हे विश्वासार्हतेचे पहिले लक्षण मानले, तर ही साधी पद्धत नंतरच्या अनेक प्रोटोकॉलांपेक्षा सरस ठरते.

मॉडबस : प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी) हे रिले-पॅनेलांची जागा घेणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक अमेरिकेत १९६८-६९ च्या सुमारास मोटार उद्योगासाठी तयार झाले. भारतात त्यांचा प्रसार १९८० च्या दशकात झाला. आरंभीच्या भारतीय उत्पादकांत पुण्याच्या मेसुंग सिस्टिम्स या कंपनीचा समावेश होतो. पीएलसी बनविणाऱ्या मोडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्ये आपल्या नियंत्रकांसाठी मॉडबस हा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. तो कोणालाही विनामूल्य वापरता येत असे आणि इतका सोपा होता, की एखाद्या लहान कारखान्यातील अभियंत्यालाही तो थोड्या दिवसांत आत्मसात करता येई. त्याच्या अफाट प्रसाराचे कारण तांत्रिक गुणवत्तेपेक्षा यातच अधिक आहे.

मॉडबसमध्ये एक प्रमुख घटक असतो व बाकीचे दुय्यम. विचारल्याशिवाय दुय्यम घटकाने बोलावयाचे नाही, हा मुख्य नियम. दुय्यम घटकांना १ ते २४७ पर्यंतचे क्रमांक देता येतात. संदेशाची लांबी जास्तीत जास्त २५६ बाइट असते व त्याच्या अखेरीस सोळा बिटांचा चक्रीय तपासणी-अंक जोडलेला असतो. हा अंक सोळा बिटांपर्यंतचा सलग बिघाड हमखास पकडतो. त्याहून मोठा वेडावाकडा बिघाड निसटण्याची शक्यता सुमारे ६५,५३६ मध्ये एक इतकी असते. संदेश जेथे संपतो तेथे साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळली जाते. हे सर्व सामान्यतः आरएस-४८५ या १९८३ मध्ये मानक झालेल्या विद्युतीय पद्धतीने पीळ घातलेल्या दोन तारांवरून चालते. या तारा सुमारे १,२०० मी. पर्यंत नेता येतात आणि मूळ मानकाप्रमाणे त्यांवर ३२ घटक जोडता येतात.

गती अर्थातच बेताची. दर सेकंदास ९,६०० बिट या प्रचलित वेगाने एका ऊर्जामापकातील दहा रजिस्टरे वाचावयास सुमारे ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीस मापकांची एक फेरी दीड सेकंदात पुरी होते. वीजवापराच्या नोंदीसाठी एवढे पुरेसे आहे. परंतु त्यांतील एक मापक बंद पडले आणि प्रमुख घटक त्याची एकेक सेकंद याप्रमाणे तीन वेळा वाट पाहणारा असला, तर फेरी दीड सेकंदावरून साडेचार सेकंदांवर जाते. एकाच्या मौनाचा भार सर्वांना वाहावा लागतो. यंत्र थांबत नाही, तक्रारही येत नाही. फक्त सर्व वाचने शिळी होत जातात.

मॉडबस ‘कधीच बिघडत नाही’ असे मत कारखान्यांतून सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. हरवलेल्या बिटांमुळे होणारे बिघाड त्यात खरोखर विरळ असतात. होतात ते बहुधा तारेच्या मांडणीमुळे व अर्थाच्या गोंधळामुळे. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक न बसविणे, एका ओळीत न्यावयाच्या तारेला ताऱ्यासारखे फाटे फोडणे, मोठ्या चलित्राच्या वेगनियंत्रकाच्या केबलीशेजारूनच ती नेणे, हे नेहमीचे दोष. दोन तारांना ‘ए’ व ‘बी’ ही नावे सर्व उत्पादक एकाच अर्थाने देत नाहीत, यामुळे वाया गेलेल्या पाळ्यांची गणती कोणी केलेली नाही. याहून सूक्ष्म दोष अर्थाचा आहे. ३२ बिटांची संख्या दोन रजिस्टरांत विभागून ठेवताना मोठा भाग आधी की लहान, हे मॉडबस सांगत नाही. पुस्तिकेत ४०००१ म्हणून छापलेले रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने ओळखले जाते. संदेश अचूक पोहोचतो, तपासणी-अंक जुळतो आणि पडद्यावर चुकीचा आकडा उमटतो. प्रोटोकॉलाच्या व्याख्येनुसार येथे काहीच बिघडलेले नसते.

ईथरनेटविषयीची शंका : कार्यालयांसाठी ईथरनेट हे जाल अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये कल्पिले गेले व १९८३ मध्ये त्याचे मानक झाले. त्याच्या मूळ रूपात सर्व संगणक एकच तार वापरीत. दोघे एकदम बोलू लागले की संदेशांची टक्कर होई आणि प्रत्येकाने यदृच्छया ठरविलेला काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा असे. संदेश कधी पोहोचेल याची कमाल मर्यादा अशा पद्धतीत सिद्ध करता येत नाही. म्हणून जनरल मोटर्स या कंपनीने १९८० च्या दशकात कारखान्यांसाठी मॅप हा प्रोटोकॉल-संच पुढे आणला तेव्हा ईथरनेटऐवजी ‘टोकन बस’ ही पद्धत निवडली. तीत बोलण्याचा अधिकार ठरलेल्या क्रमाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि कमाल विलंब आधी काढता येतो.

गणिताच्या बाजूने मॅपचे म्हणणे निर्दोष होते. व्यवहारात तो खर्चिक व अवजड ठरला आणि त्या दशकाबरोबरच मागे पडला. इकडे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष मोजमापे करून, ईथरनेट भाराखाली कोलमडते ही समजूत बव्हंशी निराधार असल्याचे दाखविले. पुढे स्विच हे उपकरण स्वस्त झाले व प्रत्येक घटकाला स्वतंत्र तार मिळाली, तेव्हा टकरींचा प्रश्नच उरला नाही. ज्या आक्षेपावरून ईथरनेट कारखान्याबाहेर ठेवले गेले, तो खोडून न निघता निरर्थक झाला, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

संगणकांच्या दूरवरच्या जालांतही याच सुमारास असाच वाद चालू होता. एक्स. २५ या १९७६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक टप्प्यावर संदेश तपासून मगच पुढे धाडला जाई. याउलट टीसीपी-आयपी या प्रोटोकॉल-जोडीत मधले जाल बेभरवशाचे धरून पोच तपासण्याची जबाबदारी दोन टोकांवरील संगणकांवर टाकली होती. भारतात इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये सुरू केलेल्या एर्नेट या शैक्षणिक जालात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) व आयआयटी यांसह आठ संस्था सहभागी होत्या. त्यावर टीसीपी-आयपी आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा ओएसआय हा संच, असे दोन्ही आरंभी शेजारी शेजारी ठेवण्यात आले होते. १९९५ पर्यंत जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी-आयपीवरून होऊ लागली. विश्वासार्हतेची हमी वाटेत द्यावी की टोकाला, हा खरा मुद्दा तेव्हा स्पष्ट झाला. कारखान्यांना त्याचा सामना काही वर्षांनी करावा लागला.

क्षेत्रजाले : मधल्या काळात यंत्रांच्या पातळीवर अनेक प्रोटोकॉल उदयास आले. जर्मनीत १९८७ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पातून प्रोफिबस निर्माण झाला. त्याची जांभळ्या रंगाची केबल या पट्ट्यातील विद्युत् तंत्रज्ञांच्या चांगली परिचयाची आहे. जर्मन यंत्राबरोबर प्रोफिबस, अमेरिकी नियंत्रकाबरोबर डिव्हाइसनेट, जपानी सामग्रीबरोबर सीसी-लिंक, अशी ज्या देशाचे यंत्र त्या देशाची भाषा ही रीत पडली. सर्वांचे मिळून एक आंतरराष्ट्रीय मानक करण्याच्या प्रयत्नांची परिणती आयईसी ६११५८ या मानकात परस्परांशी न जुळणारे आठ प्रकार एकत्र छापण्यात झाली. त्याला मानक म्हणावे की तहनामा, हा प्रश्नच आहे.

औद्योगिक ईथरनेट : २००० नंतर प्रोफिनेट, ईथरनेट-आयपी व ईथरकॅट हे प्रोटोकॉल आले आणि चाकणमधील वाहन-कारखान्यांची पिढी उभी राहिली ती त्यांच्याच काळात. दर सेकंदास १० कोटी बिटांचा वेग, एकाच तारेवरून नियंत्रण, निदान व संगणकीय नोंदी, तसेच कोणत्या स्विचच्या कोणत्या दारावर किती संदेश बिघडले हे बसल्या जागी पाहण्याची सोय, हे त्यांचे निर्विवाद फायदे. जुन्या सामाईक तारेवर एखादा बिघडलेला घटक सतत बडबडू लागला की सगळी ओळ मुकी होई आणि तो शोधण्यासाठी एकेक घटक सोडवीत जावे लागे. स्विचमुळे असा बिघाड एका दारापुरता राहतो.

परंतु हे प्रोटोकॉल टीसीपीची भाषा जशीच्या तशी वापरीत नाहीत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. हरवलेला संदेश टीसीपी पुन्हा पाठवितो. पत्रव्यवहाराला हा गुण असला, तरी यंत्रमानवाच्या बाहूला उशिरा मिळालेले जुने स्थान हे न मिळालेल्या स्थानापेक्षा घातक असते. म्हणून प्रोफिनेटचे नियत वेळेचे संदेश टीसीपीला वगळून थेट ईथरनेटच्या चौकटीतून जातात. ठरलेल्या आवर्तनांपैकी ओळीने तीन चुकली तर, सामान्य मांडणीत, जोडणी तुटली असे मानून घटक सुरक्षित अवस्थेत जातो. काही मिलिसेकंद सैल झालेल्या एका जोडणीमुळे वेल्डिंगची अख्खी साखळी थांबते, ती यामुळे. मॉडबसने त्याच परिस्थितीत निमूटपणे पुन्हा विचारले असते आणि दोष कोणाच्या लक्षातही आला नसता.

जुन्याचे समर्थक याला नव्याचा नाजूकपणा म्हणतात, तर नव्याचे पुरस्कर्ते यालाच प्रामाणिकपणा समजतात. पाळीचा हिशेब देणाऱ्या पर्यवेक्षकाला पहिले पटते व जोडणी दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याला दुसरे. जेथे माणूस आणि यंत्र एकाच कुंपणात वावरतात तेथे दुसरेच योग्य, यात मात्र संदेह नाही.

तपासणी-अंकाबाबतचा वाद याहून सूक्ष्म आहे. १९९९ मध्ये मॉडबसला टीसीपीवर आणताना मूळचा सोळा बिटांचा तपासणी-अंक गाळण्यात आला. ईथरनेटच्या चौकटीत ३२ बिटांचा अंक असतोच, शिवाय टीसीपीची स्वतःची बेरीज असते, असा युक्तिवाद होता. तारेपुरता तो बरोबर आहे. परंतु ईथरनेटचा अंक वाटेतील प्रत्येक मार्गकात नव्याने काढला जातो आणि टीसीपीची बेरीज ही तपासणीची दुबळी पद्धत आहे. संदेश उपकरणाच्या स्मृतीत असताना बिघडला तर बाहेर पडताना त्या बिघडलेल्या संदेशावरही अचूक अंक चढतो. दोन टोकांमधील अखंड तपासणी जुन्या रूपात अजाणता साधली होती. नव्या रूपात ती सुटली.

विजेचा खंड हा आणखी एक मुद्दा, आणि महाराष्ट्रातील कारखान्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. २००६ मध्ये पुणे परिसरातील उद्योगांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनित्र चालवून शहरासाठी वीज मोकळी करण्याची योजना अमलात आणली. ‘पुणे प्रारूप’ या नावाने ती ओळखली गेली. पुरवठा ग्रिडवरून जनित्रावर व पुन्हा ग्रिडवर येताना क्षणिक खंड पडतो. त्यानंतर आरएस-४८५ वरील मापक दोन-तीन सेकंदांत बोलू लागते. व्यवस्थापित स्विचला मात्र आपले सॉफ्टवेअर चढवून उभे राहण्यास एखादे मिनिट वा अधिक लागते व तोवर त्याच्या पलीकडचे सर्व घटक हरवल्याची नोंद होते. स्विचला अखंड पुरवठ्याचे साधन (यूपीएस) देणे हा उपाय सोपा आहे, पण नव्या जालाचा खर्च मांडताना तो बहुधा विसरला जातो.

वाहनातील जाल : या पट्ट्यात तयार होणाऱ्या वाहनांच्या पोटातही हाच वाद आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये काम सुरू करून फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे मांडलेला कॅन हा प्रोटोकॉल १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात प्रमुख-दुय्यम असा भेद नसतो. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. दोन घटक एकदम बोलू लागले तर लहान क्रमांकाचा संदेश अबाधित पुढे जातो व दुसरा थांबतो. म्हणजे टक्कर होते पण नुकसान होत नाही, आणि ब्रेकचा संदेश काचेच्या खिडकीसाठी अडत नाही. प्रत्येक घटकात दोषगणक असतो. पाठविण्यात चूक झाली की तो आठाने वाढतो, संदेश यशस्वी झाला की एकाने घटतो. २५६ वर पोहोचताच घटक स्वतःहून तारेपासून दूर होतो. स्वतःचा दोष ओळखून मौन धरण्याची ही शिस्त १९८६ साली असाधारण होती.

कॅनचा संदेश मात्र आठच बाइटांचा व वेग दर सेकंदास जास्तीत जास्त दहा लाख बिटांचा. वाहनातील इलेक्ट्रॉनीय घटक वाढले तसे हे अपुरे पडू लागले. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ उत्सर्जन मानकांनी वाहनातच दोषनिदान करणारी यंत्रणा अधिक काटेकोर केली. तिची माहिती बाहेरच्या उपकरणाला मुख्यतः कॅनवरूनच दिली जाते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या व चाकण येथेही केंद्र असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या संस्थेकडून वाहनांच्या प्रमाणन-चाचण्या होतात. बजाज ऑटोने आकुर्डीतील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबविले होते. त्याच ठिकाणी २०२२ मध्ये विजेवरील चेतक स्कूटरसाठी नवा कारखाना सुरू झाला. विद्युत् वाहनांत बॅटरीचे व्यवस्थापन, चलित्राचा नियंत्रक व दर्शकपट्टी यांचा आपसातील संवाद सामान्यतः कॅनवरच सोपविला जातो. चाळीशी गाठत आलेला प्रोटोकॉल अशा रीतीने नव्या प्रकारच्या वाहनातही टिकून आहे.

कॅन निर्दोष आहे असे मात्र नाही. त्यात ओळीने पाच सारखे बिट आले की एक विरुद्ध बिट मुद्दाम घातला जातो. या भरीच्या बिटांमुळे, विशिष्ट जागी पडलेल्या केवळ दोन चुकाही तपासणी-अंकाच्या नजरेतून निसटू शकतात, असे १९९० च्या दशकात दाखवून देण्यात आले. प्रोटोकॉल तोवर लाखो वाहनांत गेला होता. बॉशने २०१२ मध्ये ६४ बाइटांपर्यंतचे संदेश नेणारे कॅन-एफडी हे सुधारित रूप जाहीर केले. त्याचे मानक तयार होत असतानाच त्याच्या तपासणी-अंकातही भरीच्या बिटांशी निगडित उणीव आढळली. २०१५ च्या मानकात ती दूर करण्यात आली. पण त्यामुळे आधी बनलेल्या चकत्या (चिप) नव्यांशी जुळेनाशा झाल्या. उणीव जुन्यातही होती, नव्यातही. फरक इतकाच, की नव्यातील उणीव रस्त्यावर येण्यापूर्वी बऱ्याच अंशी पकडली गेली, कारण जुन्याने काय शिकविले होते हे तपासणाऱ्यांना ठाऊक होते. कॅमेरे व रडार यांच्या माहितीसाठी वाहनांत आता एका जोडतारेवरील ईथरनेट येत आहे (मानक २०१५). ब्रेक व इंजिन यांचे दैनंदिन संदेश त्याकडे सोपविण्याची घाई कोणी केलेली नाही.

विश्वासाचा प्रश्न : मॉडबस व कॅन या दोहोंत संदेश कोणी पाठविला याची खातरजमा करण्याची सोय मुळात नाही. तारेपर्यंत पोहोचलेल्या कोणालाही रजिस्टरात हवे ते लिहिता येते. बंद पॅनेलातील तारेला हात लावू शकणारा माणूस कारखान्यातलाच, हे १९७९ मधील गृहीतक चुकीचे नव्हते. पुढे परिस्थिती बदलली. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने औद्योगिक नियंत्रकांनाच लक्ष्य केले होते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विषाणूमुळे जगभरच्या अनेक कंपन्यांबरोबर महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तेथे दोष कोणत्याही औद्योगिक प्रोटोकॉलाचा नव्हता. पण कार्यालयाचे जाल कोसळले की त्याला जोडलेले कामकाजही थांबते, हे त्यावरून दिसून आले. २०१८ मध्ये मॉडबसचे सांकेतिक कुलूप व ओळखपत्रे असलेले सुरक्षित रूप प्रसिद्ध झाले. त्याबरोबर बिघाडाचा एक अगदी नवा प्रकारही आला : तार शाबूत, उपकरण शाबूत, पण ओळखपत्राची मुदत मध्यरात्री संपल्यामुळे संदेश नाकारला जाणे. आरएस-४८५ च्या तारेला तारीख माहीत नसते.

सुरक्षेचे संदेश : आणीबाणीत यंत्र थांबविण्याचे लाल बटन अनेक दशके कोणत्याही जालावर सोपविले जात नव्हते, त्याची तार स्वतंत्रपणे थेट रिलेकडे जाई. अमेरिकेच्या एनएफपीए ७९ या मानकाने २००२ पर्यंत हाच आग्रह धरला होता. दाबयंत्रावर काम करणाऱ्याच्या बोटांचा प्रश्न असताना हा संशय समजण्यासारखा आहे. नंतर जालावरून सुरक्षा-संदेश नेण्याची पद्धत मान्य झाली, तीही जालावर विश्वास ठेवून नव्हे. प्रोफिसेफसारख्या (१९९९) प्रोटोकॉलांत मधला सर्व मार्ग ‘काळी वाहिनी’ म्हणजे अज्ञात व बेभरवशाचा समजला जातो. संदेशाला अनुक्रमांक, कालमर्यादा, पाठविणाऱ्याची ओळख व स्वतःचा तपासणी-अंक दिलेला असतो. यांपैकी काहीही चुकले वा संदेश वेळेत आला नाही तर टोकाचा घटक यंत्र थांबवितो. खालचा प्रोटोकॉल जुना आहे की नवा याला मग फारसे महत्त्व उरत नाही. ४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेत जी दृष्टी होती, तीच येथे वेगळ्या रूपात परत आलेली दिसते.

लहान कारखाने : मोठ्या वाहन-कंपन्यांना सुटे भाग पुरविणारे भोसरी, चिखली, तळवडे येथील लहान कारखाने या वादाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. बिघडलेला मॉडबस घटक बदलताना रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन पेचकसाने छोट्या कळींवर क्रमांक लावतो व यंत्र सुरू होते. प्रोफिनेटचा घटक बदलला तर, शेजारच्या घटकांवरून ओळख पटविण्याची सोय मांडलेली नसल्यास, त्याला नाव देण्यासाठी लॅपटॉप, सॉफ्टवेअर व ते चालविणारी व्यक्ती लागते आणि ती व्यक्ती बहुधा सकाळी येते. दुरुस्ती कोण करू शकतो हे विश्वासार्हतेच्या पाठ्यपुस्तकी सूत्रात दुरुस्तीचा सरासरी काळ म्हणून एका अक्षराने येते. लहान कारखान्यात ते पहिले कलम असते.

विजेच्या वाटपासाठी औद्योगिक भागांत सुटीचे वार वाटून देण्याच्या जुन्या पद्धतीमुळे या पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारची असते, आणि जाल बदलण्याची कामे बहुतेक त्याच दिवशी उरकली जातात. एका दिवसात सर्व यंत्रे नव्या प्रोटोकॉलावर नेता येत नाहीत. वरच्या बाजूस ईथरनेट, खालच्या बाजूस जुनी जोडतार आणि मध्ये भाषांतर करणारा गेटवे, अशी व्यवस्था म्हणून रूढ झाली आहे. गेटवेत खालून आलेल्या संदेशाचा तपासणी-अंक तपासून काढून टाकला जातो व वर पाठविताना नव्या चौकटीचा चढविला जातो. दोहोंच्या मधल्या स्मृतीत असताना माहितीला कोणतेच संरक्षण नसते. खालचे मापक बंद पडले तरी काही गेटवे शेवटचे वाचन देत राहतात आणि नियंत्रण-कक्षातील पडद्यावर आकडा स्थिर, निरोगी दिसतो. हे वर्तन बदलण्यासाठीची मांडणी बऱ्याच गेटवेंत असते. ती कारखान्यातून येताना कोणत्या स्थितीत आहे हे जोडणी करणाऱ्यानेच तपासावे लागते. अगदी नव्या चाकण कारखान्यांतही ऊर्जामापकांपर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा आरएस-४८५ चा असल्यामुळे ही तपासणी तेथेही चुकत नाही.